पाव्हण्यांची सोय

वेल्ह्यापासून कापूरहोळपर्यंतच्या रस्त्यावर ज्या घरचा संडास आमच्या पाव्हण्यांनी वापरलेला नाही, ते घर एकतर कालच बांधून झालेलं असतं, नाहीतर त्या घरातली माणसं भांडखोर तरी असतात. पाव्हण्यांचा टेम्पो आहे. वेल्ह्याहून इंद्रायणी तांदळाची पोती, मार्गासनीहून भाजी, कुणाच्या लग्नातली भाड्याची भांडी, कुणाची शेळी, कुणाचा जळालेला पंप असं सगळं भरून ते भोरला नेतात आणि येताना भोरची बाजारपेठ निम्मी उचलून आणतात. या रस्त्यावर दर दोन-तीन गावांमागं त्यांनी एकेक घर जोडून ठेवलेलं आहे. टेम्पो कडेला लागतो, हॉर्न एकदाच वाजतो आणि घरातली बाई आतूनच ओरडते, "पाव्हणं आलं गं, मागचं दार काढ!" पाव्हणे कुणाकडं न बघता सरळ घरातून मागं जातात. परत आले की हातपाय धुऊन ओसरीवर टेकतात, चहा घेतात, त्या घरातलं सगळं ऐकून घेतात, अलीकडच्या घरातलं थोडं सांगतात आणि निघतात. लोक म्हणतात, एवढी माणसं जोडणारा जीव तालुक्यात दुसरा नाही. ही जोडाजोड घराच्या कुठल्या टोकापासून सुरू झाली, ते लोक विसरले आहेत. मी विसरलेले नाही, कारण आमचं घर मार्गासनीच्या पुढं अगदी रस्त्याला लागून आहे आणि आमचं मागचं दार पाव्हण्यांच्या ठरलेल्या थांब्यांपैकी एक आहे.

आता हे पाव्हणे म्हणजे पाहुणा की पाहुणी, असं नव्या माणसाला वाटणारच. तर ते डोंगरावरच्या एका वाडीत, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरात, तिसरी मुलगी म्हणून जन्मले. भावाचा सदरा अंगात घालून शेळ्यांमागं गेले, ते परत परकर नेसायला घरी आलेच नाहीत, असं त्यांची आई सांगायची. पण म्हणून ते स्वतःला बुवाही म्हणवून घेत नाहीत. बाई म्हटलं तर भुवया वर जातात, दादा म्हटलं तर खाली येतात. अंगात पांढरा सदरा, खाकी विजार, गळ्यात बारा महिने मफलर, केस कानापर्यंत, आणि डाव्या मनगटात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. या बांगड्यांचा अर्थ लावण्यात आमच्या गावाचे कितीतरी उन्हाळे गेले. मी एकदा सरळ विचारलं. म्हणाले, "गेर टाकताना वाजत्यात वैनी. एकट्यानं गाडी चालवायची म्हंजी वाईच सोबत लागती." एका धीट म्हातारीनं तर भर बाजारात तोंडावर विचारलं होतं, "खरं सांगा, तुमी नक्की कोण?" पाव्हणे म्हणाले, "आमी टेम्पोवालं." म्हातारीचं समाधान झालं. तिला मेथीची पोती न्यायची होती.

शहरात अशा माणसाला तो म्हणायचं की ती, हा प्रश्न फार अवघड झाला आहे, असं ऐकते. आमच्याकडं तो बोलीनंच परस्पर सोडवून टाकला. आमच्याकडं ज्याला मान द्यायचा त्याला 'आलं', 'गेलं' म्हणतात. मास्तर आलं, सासरं जेवलं, पाटील रुसलं. तसंच पाव्हणं आलं. यात मानही राहतो आणि बाई-बुवाची भानगडही उरत नाही. कुणी बसून ठरवलं नाही, ठराव केला नाही. एक दिवस सगळं गाव तसं बोलत होतं. छापायचं म्हणून मी इथं 'पाव्हणे आले' असं लिहिते आहे, पण तेही रूप गुणी आहे. मी माझ्याबद्दल 'आले' म्हणते आणि माझ्या सासऱ्यांबद्दलही 'आले'च म्हणते. शिवाय ज्या मुलखात बायको नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हणते आणि नवरा बायकोला 'ऐकलं का' म्हणतो, त्या मुलखाला नाव न घेता, तो-ती न करता अख्खा संसार कसा करायचा, हे कुणी शिकवायला नको.

पाव्हण्यांनी त्यांच्या बाजूनं आणखी सोपं केलं होतं. ते स्वतःबद्दल कायम 'आमी' म्हणतात. 'मी आलो' म्हटलं की बुवा होतो, 'मी आले' म्हटलं की बाई होते. 'आमी आलो' म्हटलं की नुसतं येणं होतं. हे त्यांनी केव्हा शोधून काढलं कोण जाणे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, हे कुठल्यातरी जहागीरदाराच्या घरचे असावेत. एकदा टेम्पोच्या कर्जासाठी बँकेत गेले, तर नवीन आलेल्या साहेबांनी विचारलं, "आम्ही आम्ही म्हणताय, पण अर्जदार नक्की किती जण?" पाव्हणे म्हणाले, "मोजा की सायेब. समोरच हाय." साहेब म्हणाले, "मला तर एकच दिसतोय." "मग एकालाच द्या," पाव्हणे म्हणाले, "पर हप्ता आमी सगळी मिळून भरू." कर्ज मिळालं. साहेबांची बदली होईपर्यंत ते पाव्हण्यांना बघितलं की उठून उभे राहायचे आणि मागं आणखी कुणी आहे का ते बघायचे.

माझी भाची पुण्यात शिकते. हुशार मुलगी, मनानं चांगली, आणि सगळ्या गोष्टी विचारून करायच्या अशा शिस्तीत वाढलेली. ती सुट्टीला आली होती, तेव्हा पाव्हणे ओसरीवर चहा पीत होते. तिनं फार आदरानं विचारलं, "तुमची सर्वनामं कोणती, म्हणजे मी तुम्हाला काय म्हणू?" पाव्हण्यांनी बशी खाली ठेवली. "सर्व नावं व्हय? अगं बाय, लोकांनी आमाला ठेवल्याली सगळी नावं सांगत बसलो तर तुझी उद्याची यष्टी चुकंल." भाचीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपण दुखावलं. तिनं पुन्हा नीट समजावून सांगितलं, तो, ती, ते, असं. पाव्हण्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रस्त्याकडं बोट केलं. "त्यो बघ. टेम्पो म्हनलं की तो. गाडी म्हनलं की ती. वाहन म्हनलं की ते. हार्न एकच हाय." मग जरा विचार करून म्हणाले, "आपल्या तालुक्याच्या नावाचंच घे. वेल्ह्याचा राजगड झाला. पाट्या बदलल्या, कागद बदललं, कुनाचं काय दुखलं का? आमी म्हातारी मान्सं अजून वेल्हंच म्हनतो, तर तालुका काय रुसून बसत न्हाई. फकस्त येवढंच, की ज्यानं त्यानं हाक मारावी, दगूड मारू नये." भाचीनं ते वाक्य कुठंतरी लिहून ठेवलं असावं. मी म्हटलं, "पाव्हणं, चहा गार होतोय."

या रस्त्यावरच्या घरांवर पाव्हण्यांचे उपकार किती आहेत, हे सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. सगळ्यात आधी कड्या. पाव्हण्यांच्या सीटखाली एक पत्र्याचा डबा असतो. त्यात पेचकस, स्क्रू, बिजागऱ्या आणि नवीन कड्या असतात. ज्या संडासाची कडी नीट लागत नाही, तिथं ते दुसऱ्यांदा जात नाहीत, आधी ती बदलतात. त्यामुळं आमच्या रस्त्यावर घराचं पुढचं दार धडाधडा वाजत असेल, पण मागचं दार बँकेच्या तिजोरीसारखं बंद होतं. दुसरं म्हणजे सोयरिकी. पाव्हण्यांना विचारल्याशिवाय या पट्ट्यात मुलगी देत नाहीत. बाकीचे लोक स्थळाची जमीन बघतात, नोकरी बघतात, पाव्हणे म्हणतात, "घर पुढनं बघू नये." आमच्या चुलत नणंदेच्या मुलीला नसरापूरचं स्थळ आलं होतं. बंगला, गाडी, बैठकीत काचेचं कपाट. पाव्हणे म्हणाले, "त्या घरात सून सुखात न्हाई राहायची. बारडी फुटल्याली हाय, दोन वर्सं झाली, कुनी बदलीना. ज्याला त्याला वाटतंय दुसरा आनंल." आणि दुसऱ्या एका साध्या घराबद्दल म्हणाले, "डोळं मिटून द्या. आमी जायच्या आधी त्या घरची मान्सं बारडी भरून ठेवत्यात, अन् दिवा लावून ठेवत्यात, अन् मग घरात कुनीबी मुद्दाम मोठ्यानं रेडू लावतंय." पोर त्या घरात दिली. छान चाललं आहे.

पण एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. ठरलेली घरं सोडली तर पाव्हणे कुणाच्या हातचा चहा घ्यायचे नाहीत, पाणीसुद्धा नाही. आमच्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं. कुणी म्हणालं त्यांना नवस आहे, कुणी म्हणालं गुरूनं सांगितलंय, एका माणसानं तर त्यांचं पाहून उन्हाळ्यात पाणी सोडलं आणि दुपारीच चक्कर येऊन पडला. खरं कारण मला भोरच्या दवाखान्यात कळलं. त्या दिवशी पाव्हण्यांच्या पोटात कळा आल्या, तेव्हा टेम्पोत नेमकी मीच शेजारी होते. आमच्या बचत गटाचे पापड पोचवायचे होते. पापड तिथंच रस्त्यात एका ओळखीच्या दुकानात उतरवले आणि दुकानदाराच्या पोराला टेम्पो चालवायला बसवून पाव्हण्यांना दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "पाणी पीत नाही का तुम्ही?" पाव्हणे छताकडं बघत म्हणाले, "पितो की. घरी."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. विशीतली गोष्ट. एका मोठ्या यष्टी स्टँडवर गेले होते. बायकांच्या बाजूला गेले, तर बायका ओरडल्या, "ओ दादा, कुठं शिरताय!" बाहेर आले, पुरुषांच्या बाजूला गेले, तर एका म्हाताऱ्यानं भल्या मनानं हात आडवा केला, "बाई, चुकलात. तुमचं तिकडं." पाव्हणे म्हणाले, "एकाच दिवशी दोन्ही दारांनी आमाला चुकलात म्हनून माघारी धाडलं. मग बरूबर कुठं जायाचं, त्ये कुनी सांगितलं न्हाई." तेव्हापासून घराबाहेर पडलं की पाणी बंद. पुढं टेम्पो आला, घरं जोडली, थोडं पाणी सुरू झालं. डॉक्टरांनी आता रोज भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, नाहीतर मूत्रपिंडाचं काही खरं नाही, असंही सांगितलं होतं. मी मनातल्या मनात रस्ता मोजला. वेल्हे, मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ, सगळीकडं सोय होती. आमच्या गावच्या आठवडी बाजारातही होती. बाजाराला लागूनच कासारीणकाकू राहत. पाव्हणे बाजारच्या दिवशी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत टेम्पोपाशी उभे असत आणि काकूंचं मागचं दार उघडं असे. त्या हिरव्या बांगड्याही काकूंच्याच हातच्या. मी म्हटलं, "मग अडचण कुठं आहे? प्या पाणी." अडचण पुढच्या महिन्यात आली. कासारीणकाकूंना मुलगा पुण्याला घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं.

त्या काळात पाव्हणे बाजारच्या दिवशी काय करत, हे मी डोळ्यांनी बघितलं. आदल्या रात्रीपासून पाणी बंद. दुपारपर्यंत ओठ पांढरे. कुणी उसाचा रस पुढं केला तर "उपास हाय" म्हणायचे. आमचं घर बाजारापासून लांब, आणि टेम्पोत माल असताना तो सोडून येता येत नाही. एकदा कळ आली तर चाकाला टेकून बसले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "चाक बघतोय." मला राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून ग्रामसभेत काढला.

नेमकं तेव्हाच बाजारतळावर सार्वजनिक स्वच्छतागृह बांधायचं चाललं होतं. समितीत मी होते, म्हणजे समितीची कामं मी करत होते. आराखड्यात दोन दारं होती, पुरुष आणि महिला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तिसरं दार पाहिजे. एकच खोली, आतून कडी, आत नळ." आमचे सरपंच नात्यानं माझे लांबचे दीर लागतात, स्वभावानं मऊ आहेत, पण कुठलाही खर्च ऐकला की आधी पाणी मागतात. पाणी पिऊन म्हणाले, "वैनी, मानसाच्या जाती दोन. तिसरं दार कुनासाठी?" मी म्हटलं, "पाव्हण्यांसाठी." पाव्हणे दाराशी उभे होते, त्यांनी मफलर नीट केला.

मागून एक जण म्हणाला, "आमच्यात यावं की त्यांनी. आमी काय खातो व्हय त्यास्नी?"

"तुमी न्हाई खात," बायकांतून उत्तर आलं, "पर तितं बिड्या वढत बसता, त्याचं काय? पाव्हणं, तुमी आमच्यात या. आमाला ठावं हाय तुमी."

पाव्हणे पुढं आले. सभेत ते पहिल्यांदाच बोलत होते. "तुमाला ठावं हाय, म्हनून तर तुमच्या घरात येतो. पर बाजाराला धा गावच्या बाया येत्यात. त्यास्नी कुठं ठावं? एकांदी पोर आमाला बगून दचकली, तर तिचंबी बरूबर अन् आमचंबी बरूबर. दोगंबी बरूबर, अन् मरनाची लाज दोगास्नी. त्यापरीस आपलं एक दार असावं. ज्याला वाटंल त्यो जाईल. म्हाताऱ्याला ल्येक घेऊन जाईल, आईला पोरगा घेऊन जाईल. आमी एकटं कितीदा जानार?"

दार मंजूर झालं. मग पाटीवर काय लिहायचं, यावर खरी सभा सुरू झाली. कुणी म्हणालं, 'इतर' लिहा. पाव्हणे म्हणाले, "कांदा, बटाटा अन् इतर?" ते रद्द झालं. कुणी म्हणालं, 'सार्वजनिक'. मग बाकीची दोन काय खाजगी आहेत, असं कुणीतरी विचारलं. एकानं कागदावरचा सरकारी शब्द मोठ्यानं वाचून दाखवला, तो इतका लांब होता की पाव्हणे म्हणाले, "एवढं वाचस्तवर मानूस थांबंल का?" शेवटी एक म्हातारबाबा कंटाळून उठले. "आरं कशाला डोस्कं शिनवता? दार कुनासाठी हाय? पाव्हण्यांसाठी. मग तसंच लिवा, अन् आमाला घरी जाऊ द्या." टाळ्या पडल्या. भोरच्या पेंटरनं निळ्या रंगात, फुलाफुलांची वेलबुट्टी काढून, दारावर झोकात लिहिलं: पाहुण्यांसाठी.

इथंच घोळ झाला. आमच्या मुलखात पाहुण्यांसाठी म्हटलेल्या वस्तूचं काय होतं? ती कपाटात जाते. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, नवी चादर पाहुण्यांसाठी, गुलाबांचा गालिचा पाहुण्यांसाठी. घरातली माणसं कान तुटलेल्या कपात चहा पितात आणि कपाटाकडं बघून सुखी असतात. त्या दाराचंही तेच झालं. पाटी लागली त्याच संध्याकाळी सरपंचांनी बाहेरून भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. सरपंचीणबाईंनी आत नवा मग, वेष्टनासकट साबण, टॉवेल, आरसा आणि प्लॅस्टिकची फुलं ठेवली. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आजोबांना तिथं इतमामानं नेण्यात आलं. दोघं पुढं, दोघं मागं. आजोबा बाहेर आल्यावर सरपंचांनी त्यांना विचारलं, "काय कमी न्हाई ना पडलं?" राजगड चढायला आलेल्या पोरांनी एकदा किल्ली मागितली, तर त्यांची गावं विचारून, दोघांना पाहुणे ठरवून बाकीच्यांना परत पाठवलं.

मी त्या आठवड्यात बचत गटाच्या कामानं भोरला होते, त्यामुळं हे मला ठाऊक नव्हतं. पाव्हण्यांनाही नव्हतं. दार झालं या भरवशावर त्या बाजारच्या दिवशी ते सकाळपासून पाणी प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, उभ्यानं, भरल्या तांब्यानं. दोन ठिकाणी चहाही घेतला. ज्यांनी दिला त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी बाजारात पोचले तेव्हा पाव्हणे त्या निळ्या अक्षरांसमोर उभे होते, दोन्ही पाय जुळवून, आणि कुलपाकडं बघत होते. पेचकसाचा डबा टेम्पोत होता. मी म्हटलं, "काढा कोयंडा." म्हणाले, "न्हाई वैनी. घरचं दार दुरुस्त करनं येगळं. गावाचं दार फोडनार न्हाई आमी."

मी जवळजवळ पळतच सरपंचांना गाठलं. ते वांग्यांचा भाव करत होते. त्यांना तसंच हाताला धरून आणलं. म्हटलं, "भावजी, किल्ली काढा."

"कुनी आलंय का?" सरपंचांनी टोपी सारखी केली. "कुठलं पाव्हणं?"

"हे काय समोर उभे आहेत."

सरपंचांनी पाव्हण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हसायलाच लागले. "हे? वैनी, तुमी बी काय! हे कुठलं पाव्हणं? हे तर आपल्या घरचं मानूस. पाव्हण्यासाठीचं आपनच वापरायला लागलो, तर बाहेरचं लोक काय म्हनतील?"

ते अगदी मनापासून बोलले होते. सरपंचांना त्यात काही विशेष बोललो असं वाटलंही नाही. गर्दीतल्या दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या, बरोबर आहे म्हणून. पाव्हण्यांनी मात्र बांगड्या उगीचच मनगटावर वर सरकवल्या, खाली आणल्या. इतकी वर्षं ज्या गावानं त्यांना पाव्हणं म्हटलं, त्या गावानं ते नुसतंच म्हटलं होतं, मानलं घरचंच होतं, हे त्यांना तिथं, त्या अवघड घडीला कळत होतं. मग स्वतःला सावरून ते म्हणाले, "घरचं मानूस म्हनता ना सरपंच?"

"म्हंजी काय! इचारायचं हाय व्हय?"

"मग घरच्या मानसाला घरातली किल्ली कुनाच्या कमरंची मागावी लागती का? अन् जरा बिगी काढा, न्हाईतर घरच्या मानसाची अब्रू गावाच्या बाजारात जाईल."

सरपंचांची किल्ली घाईत निघेना, करगोट्याची गाठ बसली होती. शेवटी गाठीसकट सरपंचांनाच दाराशी नेऊन कुलूप उघडलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर मी, सरपंच, मागोमाग आलेली वांगीवाली आणि आणखी चार माणसं होती; कुणी काही न सांगता सगळ्यांनी तोंडं रस्त्याकडं फिरवली आणि वांगीवालीनं मोठमोठ्यानं भाव पुकारायला सुरुवात केली. कुलूप मी सरपंचांच्या हातातून काढून घेतलं. ते आता आमच्या भाताच्या कणगीच्या खोलीला आहे, तिथं त्याची गरज होती. दाराला पुन्हा कुलूप लागलं नाही. हळूहळू तिथं कुणीही जायला लागलं. पोराला घेऊन बाप जातो, अधू सासऱ्याला धरून सून जाते. साबणाचं वेष्टन निघालं, टॉवेल कुणीतरी नेला, आरसा टिकून आहे.

पाव्हण्यांची तब्येत सुधारली. खडा पडून गेला. पुढं हमरस्त्यालाही दोन-तीन ठिकाणी अशी एकेकट्यानं जायची दारं झाली, आणि पाव्हणे आता बाटली भरून पाणी पितात, गेर टाकता टाकता, ऐटीत. सगळं जसं व्हायला पाहिजे होतं तसं झालं. फक्त आमच्या रस्त्यावरच्या बायका मला भेटल्या की एकच विचारतात, "पाव्हणं हल्ली येत न्हाईत का हो? आमच्याकडं लई दिस झालं टेकलं न्हाईत." मी सांगते, त्यांना आता गरज पडत नाही, चांगलं झालं की. त्या म्हणतात, चांगलं झालं. पण कुणाची सून माहेरून आली का, कुणाची गाय व्याली का, नणंदेच्या मुलीला दिवस गेले का, हे आता एका घराचं दुसऱ्या घराला महिना महिना कळत नाही. टेम्पो जातो, हॉर्न वाजतो, आतून कुणीतरी सवयीनं उठतं, तोवर धूळ खाली बसलेली असते.

परवा दुपारी मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. टेम्पो कडेला लागला. मी सूप घेऊनच उठले, मागची कडी काढली, बादली भरली, दिवा लावला आणि पुढं आले. पाव्हणे ओसरीच्या कडेवर बसलेले. मी म्हटलं, "जा, उघडंय." म्हणाले, "न्हाई वैनी, बाजारातल्या दारी जाऊन आलो." मी म्हटलं, "मग काही न्यायचंय का? पापड अजून झाले नाहीत." "न्हाई." "आणलंय काही?" "न्हाई." पाव्हणे जरा लाजल्यासारखे झाले. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "आसंच आलो. नुसतंच. बसा की वाईच."

मी सूप बाजूला ठेवलं आणि बसले.